जेऊरचा आवाज, मंद्रूपचा रस्ता

मी बोलतोय. मोबाइल चाचपू नका, तो मी नव्हे. मी कानात अडकवायचा ब्लूटूथ, एकाच कानाचा. आजवर माझ्यातून दुसरेच बोलले. कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं, कुणी येताना कोथिंबीर आणायला सांगितली. माझं म्हणणं कुणीच विचारलं नाही. आज ते सांगून टाकतो, आणि कुणाची भीड ठेवणार नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला, मला ठाऊक नाही. एका पट्ट्यावरून सरकत आलो, हातमोजे घातलेल्या बोटांनी मला दाबून बघितलं आणि डबीत घातलं. शेजारच्या पट्ट्यावरून जोडीचे इअरबड जात होते. ते एका डबीत दोघं दोघं झोपायचे. मी एकटाच. माझ्या डबीवर हसऱ्या ड्रायव्हरचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'सुरक्षित प्रवासाचा सोबती.' ज्यानं ही ओळ लिहिली, त्यानं मला कानात घालून भर बाजाराच्या दिवशी मंद्रूपच्या रस्त्यानं एकदा गाडी चालवून बघायला हवी होती. मग त्याच्या हातून ती ओळ उतरली नसती.

सोलापुरात नवी पेठेतल्या विरेशच्या दुकानात मी खिळ्याला टांगलेला होतो. गिऱ्हाइकं यायची, मला उलटंसुलटं करायची आणि जोडीवाले घेऊन जायची. माझ्यावर धूळ बसत होती. अशात एक दिवस इंद्रजीत आणि वैजयंती दुकानात शिरले.

इंद्रजीत बेकरीचा टेम्पो चालवतो. पाव, खारी, टोस्ट भरून सोलापुरातून निघायचं आणि दक्षिणेकडच्या गावांतल्या दुकानांना माल देत परत यायचं. वैजयंती त्याची बायको. शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात ती मशीनवर बसते. इंद्रजीत दुकानात आला तो डोक्याला टॉवेल आवळून, हनुवटीखाली गाठ मारून. टॉवेलात कानाशी मोबाइल खोचलेला, आणि त्यावर बोलणं चाललेलं.

"दादा, दात दुखतोय का डोकं?" विरेशनं विचारलं.

"कान," वैजयंती म्हणाली. "गाडी चालवताना पण असंच. परवा वळणावर टॉवेल डोळ्यांवर आला. मी शेजारी होते म्हणून ओढला. अहो, सोडा की आता! लोक हसायलेत."

"आये हाय लाइनवर," इंद्रजीत कुजबुजला.

वैजयंतीनं टॉवेलाजवळ तोंड नेलं आणि सासूला ओरडून सांगितलं, "आत्या, तुमच्या लेकाच्या मुंडाशाला सुट्टी द्यायला आलोय. जरा थांबा!"

विरेशनं काउंटरवर सगळा बाजार मांडला. वायरवाला इअरफोन, पण वायर गिअरच्या दांड्यात गुंतते. गळ्यात अडकवायचा नेकबँड. तो वैजयंतीनं बाजूला सारला. "दोन्ही कान बुजले तर मागून आलेली एसटी काय ह्यांना स्वप्नात दिसणार?" गाडीच्या टेपला जोडायचं एक यंत्र निघालं. "टेम्पोत टेप हाय कुटं?" इंद्रजीत म्हणाला. समोर फोन चिकटवायचा होल्डर त्यांनी ठेवून घेतला, पण टेम्पोच्या खडखडाटात नुसत्या स्पीकरवर काही ऐकू येणार नव्हतं. शेवटी विरेशनं खिळ्यावरून मला काढलं, फुंकर मारून धूळ उडवली.

"एक कान फोनला, एक कान रस्त्याला. ड्रायव्हर लोकांसाठीच बनवलाय की."

वैजयंतीनं मला तळहातावर घेतलं. मग तिनं विचारलं, "हे घातल्यावर चालवता चालवता बोललं तर धोका नाही ना?"

"वहिनी, दोन्ही हात मोकळे, नजर समोर. अजून काय पाहिजे?"

हात मोकळे, हे कबूल. मन गुंतलेलं असेल तर त्या मोकळ्या हातांनी काय करायचं, हे त्या दुकानात कुणी विचारलं नाही. प्रश्न बरोबर होता, तो विचारणारी बाई खऱ्या काळजीनं आली होती आणि तिला उत्तर मिळालं विक्रीचं. मला त्या उत्तराचा आजही संताप येतो.

दुसऱ्या दिवसापासून मी इंद्रजीतच्या डाव्या कानात राहायला गेलो. चौकातल्या हवालदारानं दोन्ही हात स्टिअरिंगवर बघितले आणि मान डोलावून जाऊ दिलं. बेकरीचा मालक दर गावाला फोन करायचा. "कुटं आहेस बे? काय करूलालास? टोस्ट संपले म्हणून दुकानदार बोंबलूलालाय!" काय करूलालास म्हणे! टेम्पो त्यानंच दिलेला, माल त्यानंच भरलेला, मग हा माणूस काय विहिरीत पोहत असेल? पण 'गाडी चालवतोयस का, मग ठेवतो,' एवढं वाक्य त्याच्या तोंडून कधी आलं नाही. त्याच्याच काय, कुणाच्याच तोंडून आलं नाही. फोन करणाऱ्याला वाटतं, आपण बोलतोय म्हणजे समोरचा खुर्चीवर बसून ऐकतोय.

पण माझ्यातून सगळ्यात जास्त बोलली ती जेऊरची सारजाबाई, इंद्रजीतची आई. नवरा गेलेला, लेक सोलापुरात, आणि घरी ती अन् तिच्या शेळ्या. "इकडं या राहायला," असं वैजयंती दर सणाला म्हणायची. "शेळ्या काय तुझ्या गॅलरीत बांदू?" असं सारजाबाईचं ठरलेलं उत्तर. वैजयंतीनं तिला गणवेशाच्या उरलेल्या खाकी कापडाची एक पिशवी शिवून दिली होती, गळ्यात अडकवायला. सारजाबाई फोन त्या पिशवीत ठेवायची आणि कामाला लागायची. दुकानात कुणी सुचवायच्या आधीच म्हातारीचे हात मोकळे झाले होते.

मायलेकांची रीत अशी, की फोन लावायचा आणि ठेवायचाच नाही. बोलायचं असं फार काही नसायचंच. इकडं टेम्पो चालायचा, तिकडं सारजाबाई अंगण झाडायची, पाणी शेंदायची, शेळ्या घेऊन माळावर जायची. मला तिचं सगळं ऐकू यायचं. चपलांचा आवाज, पान चघळणं, शेळ्यांच्या गळ्यातल्या घंट्या, त्यांच्यावर ओरडणं. मधेच ती म्हणायची,

"इंदर, ऐकतुयास न्हवं?"

"व्हय आये."

"काय न्हाय. हायस का बघितलं."

मग पुन्हा घंट्या वाजत राहायच्या. हे ऐकताना मला माझ्या एकाकी डबीची आठवण यायची. दिवसभर कुणाशी न बोलणारी ही बाई लेकाच्या कानात येऊन बसायची. लेकालाही ते हवं असायचं, कारण गावोगावी माल उतरवणाऱ्या माणसाला 'किती पाकिटं?' याशिवाय कोण काय विचारतं? दोघांच्या मधे मी होतो. माझ्यामुळं दोघांना बरं वाटत होतं, म्हणून मलाही बरं वाटायचं. डबीवरची ओळ मीही हळूहळू खरी मानायला लागलो.

मग तो बाजाराचा दिवस आला. मंद्रूपच्या अलीकडं रस्ता वळतो, आणि वळणावर वेड्या बाभळींनी पलीकडचं काही दिसत नाही. टेम्पो भरलेला, मालकाची घाई चाललेली. सारजाबाई तेव्हा जेऊरच्या माळावर होती. माझ्यातून घंट्यांचा कल्लोळ येत होता. एक शेळी कुणाच्या तरी रानात शिरली असावी. "हुर्रर्र! अगं ए, मरायचंय का तुला?" सारजाबाई ओरडत होती.

त्याच वेळी बाभळीपलीकडून दुसऱ्या घंट्या वाजल्या. बिरुदेव नावाचा मेंढपाळ आपलं मेंढरांचं खांड रस्ता ओलांडून नेत होता. त्याची बायको ईरम्मा मागून कोकरं हाकत होती. बिरुदेवला टेम्पोचा आवाज आला आणि तो हात वर करून ओरडला, "हुर्रर्र! ए, ए, थांब!"

इंद्रजीतच्या दुसऱ्या, मोकळ्या कानात ते सगळं शिरलं. घंट्याही शिरल्या आणि ओरडणंही शिरलं. पण त्याच्या डोक्यात त्या वेळी जेऊर होतं. ह्या घंट्या, हे हुर्र, ही बेंबें रोज कानात ऐकायची त्याला सवय झाली होती. तो हसला आणि म्हणाला, "आये, लई वरडाय लागलीस आज!"

तो वळला, आणि समोर रस्ताभर मेंढरं.

त्यानं ब्रेक दाबला, स्टिअरिंग मारलं. बिरुदेवनं बाभळीत उडी घेतली. टेम्पो एका मेंढीला चिरडून रस्त्याकडेच्या चारीत कलंडला. मागचे क्रेट फुटले. मी इंद्रजीतच्या कानातून उडालो, ते दाराबाहेर धुळीत जाऊन पडलो.

मी पडलो, पण बंद पडलो नाही. हेच वाईट झालं. माझा माइक चालू होता. ब्रेकचा कर्कश आवाज, आपटणं, मेंढरांचा आकांत आणि ईरम्माची किंकाळी, हे सगळं मी इमानानं जेऊरला पोचवलं. त्यानंतर इंद्रजीतचा आवाज मात्र पोचवायला उरला नाही. तो टेम्पोत सुन्न बसला होता, कपाळातून रक्त येत होतं.

"इंदर," सारजाबाई म्हणाली. "इंदर, ऐकतुयास न्हवं? आरं, काय झालं? हायस का? बोल की माझ्या राजा. बोल की!"

त्या जागी एवढी माणसं जमली, पण तिचं ऐकणारा मी एकटा होतो. तो बसलाय, त्याचा श्वास चालू आहे, हे मला दिसत होतं. सांगता येत नव्हतं. माझ्यातून साऱ्या जगाचं बोलणं गेलं, पण जे एक वाक्य पोचवणं गरजेचं होतं ते माझ्याकडं नव्हतं. म्हातारी माळावर एकटी उभी राहून हाका मारत होती आणि मी धुळीत तोंड खुपसून त्या झेलत होतो. असला एकटेपणा मला विरेशच्या खिळ्यावरही कधी आला नव्हता.

लोकांनी इंद्रजीतला बाहेर काढलं. उरलेली मेंढरं फुटक्या पावांवर तुटून पडली होती. त्यांना हाकताना ईरम्माचा पाय माझ्याजवळ आला. ती वाकली, मला उचललं आणि कानाशी धरलं.

"आगं बया, ह्याच्यात कोन तरी रडायलंय," ती म्हणाली. मग माझ्याशी तोंड नेऊन ओरडली, "कोन हाय? ह्या गाडीवाल्याची कोन तू?"

"आय हाय गं मी त्येची! माझा इंदर…"

ईरम्मानं रस्त्याकडं बघितलं. समोर तिची मेंढी पडली होती, गाभण होती. नवऱ्याच्या अंगभर काटे रुतले होते. तिला शिव्या द्यायचा हक्क होता आणि तिनं नंतर इंद्रजीतला त्या भरपूर दिल्याही. पण त्या वेळी ती म्हणाली, "अव्वा, रडू नको. तुझं लेकरू जित्तं हाय. बसलंय हितं, पानी पितंय. माझं मेंढरू मेलं, तुझं लेकरू हाय."

पलीकडून फक्त हुंदका आला. मग फोन बंद झाला. सारजाबाईनं स्वतः फोन बंद केलेला मी पहिल्यांदा ऐकला.

मेंढीच्या भरपाईचं तिथंच बसून ठरलं. कपाळाला टाके पडले, टेम्पो दुरुस्त झाला. वैजयंतीनं मला धुळीच्या डागांसकट घरी आणलं, पुसलं आणि बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. "हात मोकळे होते," ती म्हणाली. तेवढंच. दुसऱ्या दिवशी तिनं मला टेम्पोच्या कप्प्यात, पान्याच्या आणि अगरबत्तीच्या पुड्याच्या मधे टाकलं.

त्या दिवसापासून जेऊरचा फोन येईनासा झाला. इंद्रजीतनं केला तर सारजाबाई आधी विचारायची, "गाडीवर हायस का?" तो "न्हाय" म्हणाला, तरी ती म्हणायची, "बरं हाय सगळं. ठेवते." घरी बसून केला, तरी तेच. आपल्या आवाजानं लेकाला चारीत ढकललं, असं तिनं मनाशी घेतलं होतं. लेक वाचला, पण त्याच्या कानातली आई गेली. इंद्रजीत मुकाट टेम्पो चालवायचा. कप्प्यातून मला नुसता इंजिनाचा आवाज यायचा.

आता मी सांगतो ते नीट ऐका, कारण पुन्हा कुणी मला कानात घालील असं वाटत नाही. दुकानात जाऊन माझ्यासारखा कुठलाही प्रकार घ्या, महागातला घ्या, स्वस्तातला घ्या. आम्ही तुमचे हात सोडवू. लक्ष सोडवून देणारं यंत्र अजून कुणी केलेलं नाही, आणि तसं छापणारा खोटं छापतोय. ज्यांना फोन करता त्यांना आधी विचारा, कुठं आहात. चालवत असतील तर ठेवा. तुमचा टोस्ट कुणाच्या जिवाहून मोठा नाही. आणि चालवणाऱ्यांनो, बोलायचंच असेल तर रस्त्याकडेला जागा बघून थांबा. मग माझी गरज पडणार नाही. मला ते चालेल.

आज दुपारी मंद्रूपहून परतताना टेम्पो थांबला. इंजिन बंद झालं. दार उघडलं, लागलं. इंद्रजीत बाहेर एका कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला असावा, कारण त्याचा आवाज लांबून आला. फोन त्यानं हातात धरून कानाला लावला असणार.

"आये, ठेवू नगंस. गाडी बंद हाय. खाली उतरलोय."

पलीकडून तिनं काही विचारलं असावं.

"व्हय गं, खरंच. चावी? हातात हाय की." मग किल्ल्या खुळखुळल्या, जोरात, दोन-तीनदा. "ऐकलंस? आता तरी बोल."

आणि ती बोलायला लागली असणार, कारण तो पुष्कळ वेळ गप्प होता. मधेच एकदा हसला. मधेच नाक ओढलं. मी पान्याजवळ अंधारात पडून कान देत होतो. आजवर तिचा शब्द न् शब्द माझ्यातून गेला. आज ती त्याला काय म्हणाली, ते मला कळलं नाही.