तुलेआधीचं वजन

श्रीशैल सकाळपासून डोळे उघडत नव्हता. मी लिंगपूजेला बसले खरी, पण कान पाळण्याकडंच. नातवाला आठवा महिना सरत आलेला. झटके आले म्हणून डॉक्टरांनी औषध सुरू केलं. झटके थांबले, पण आता लेकरू दूधसुद्धा ओढेना. सून ईश्वरी गालाला बोट लावायची, ओठ जरासे हलायचे, की पुन्हा थंड. मंत्र अर्ध्यावर टाकून उठले.

चौसाळ्यातल्या दवाखान्यात डॉक्टर धर्मराजांनी त्याची पापणी उचलून बघितली.

"औषध दिलं त्या दिवशी तुमी तोलू दिलं न्हाई, म्हणून मी वयावरून वजन धरलं. आज काट्यावर ठेवाच."

कपिलधारेच्या देवाला लेकराची गुळानं तुला करीन, असा नवस ईश्वरी पोटुशी असताना बोलली होती. आणि देवाच्या तराजूत बसल्याबिगर लेकरू दुसऱ्या काट्यावर ठेवायचं नाही, ही आमच्या घरची रीत.

आमचे मालक म्हणाले, "दुकानात रोज तोलतो मी. हातानं उचलून सांगतो, सात किलोला कमी न्हाई."

"सिद्धारामअप्पा, शेंगदाणे न्हाईत हे."

"मग तुमच्या पुस्तकात बघा की!"

"पुस्तकातच घोळ हाय. एका देशाचं पुस्तक वयावर औषध सांगतं, दुसऱ्याचं वजनावर. दोन्ही तिकडच्या लेकरांवरून लिहिलेली. म्हणून आमी चार-पाच देशांतले डॉक्टर मिळून एकच माप ठरवायलोत. किती वजनाला किती दिलं, काय झालं, ते खरंखुरं एकमेकांना कळवायचं. मी काय अंदाज कळवू?"

"म्हंजे आमच्या श्रीशैलचं वजन परमुलखात जाणार?"

"नाव न्हाई जात. नुसतं वजन."

"वजनाला बी नजर लागती, डॉक्टर."

ईश्वरी माझा पदर धरून उभी. "आत्याबाई, बोललेलं मोडलं अन् लेकराला काई झालं तर?"

"अन् न मोडता झालं तर?"

बोलून तर गेले. सोमवार कधी मोडला नाही मी. तीर्थ घेतल्याबिगर पाण्याचा घोट नाही. देवाला काय सांगावं, शब्द सापडेना. तशीच दुपटं सोडलं आणि त्याला उघडाच काट्यावर ठेवला. गार पत्रा पाठीला लागला, तरी रडला नाही.

काटा साडेपाच किलोच्या अलीकडंच थांबला.

"मी आठ धरले होते," डॉक्टर म्हणाले. "औषध जास्त झालं. चूक माझी हाय, काकू. काट्याबिगर द्यायलाच नको होतं."

त्यांनी पुढचे डोस थांबवले. अंगातलं औषध उतरायला वेळ लागेल, म्हणून आम्हाला तिथंच ठेवून घेतलं. मालक आत-बाहेर करत राहिले. मी नाम घ्यायची, मध्येच त्याच्या छातीवर हात ठेवून बघायची, नाम कुठं तुटलं तेही कळायचं नाही.

उन्हं कलल्यावर त्यानं कपाळाला आठी घातली आणि बारीक रडला. ईश्वरीनं झटकन पदराखाली घेतलं. ओढलं त्यानं. थांबला. पुन्हा ओढलं.

डॉक्टर दारात आले. "काकू, कळवू का हे? वजन, औषध, माझी चूक, सगळं?"

मालकांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "कळवा. पण पोटभर पिऊ द्या त्याला. मग ते बी लिहा."

अजून तो मध्ये मध्ये थांबतच होता.