ढोलीखालचा पहारा

"माणसाची प्रगती म्हणजे सरळ रेषा!" सभागृहात उभं राहून क्लॅरी पेटिफरनं जाहीर केलं. त्या वेळी त्याच्या मिशीला लॅमिंग्टन केकचं खोबरं चिकटलं होतं, आणि तो केक विरोधी पक्षानं, म्हणजे शेजारच्या मर्लनं, करून आणला होता.

सरळ रेषेचं कारण घरातलंच होतं. क्लॅरीच्या गोठ्याजवळ रस्त्याला असलेल्या वळणावर गेल्या हिवाळ्यात त्याच्या बायकोची, डॉटची, गाडी चरात गेली. डॉट अजून काठी टेकत चालते. वळण काढून रस्ता सरळ करायचा तर तिथली जुनी निलगिरी पाडणं आलं. मर्लचं म्हणणं, तिच्या ढोलीत ग्लायडर, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणारे निशाचर प्राणी, राहतात.

"ढोली रिकामी असली तर झाड पाडू," रस्तेखात्याची ब्रॉन्विन म्हणाली. "सांजवेळी गावातल्या कुणीतरी खाली पडून पहारा द्यायचा. दिसेल ते सांगायचं."

"मी देतो," क्लॅरी म्हणाला.

"तू? दिसलं तरी सांगशील होय?" मर्ल म्हणाली.

"तू न दिसताही सांगशील, म्हणून तर मी जातोय."

दिवस मावळताना क्लॅरी गवतात उताणा पडला. आसपासची बाकीची झाडं पहाऱ्यासाठी मर्ल आणि ब्रॉन्विननं वाटून घेतली होती. ढोली काळीठिक्कर. क्लॅरी मनातल्या मनात झाडाच्या जागी डांबर ओतू लागला.

मग ढोलीतून दोन लवदार कान आले. पाठोपाठ मांजराएवढी मादी, अंगापेक्षा लांब शेपटीची, पाठीवर पिल्लू. जन्मभर याच झाडाच्या सावलीत त्यानं ट्रॅक्टर उभा केला होता; वर कधी पाहिलं नव्हतं. ती शेंड्याला गेली, आणि तिनं झाड सोडून दिलं. पंखांची फडफड नाही, आवाज नाही. कोपरं दुमडून, पिल्लासकट, ती रस्त्यावरून, कुंपणावरून, गोठ्यावरून तरंगत पलीकडच्या रानात गेली. क्लॅरीचा श्वास तिच्याबरोबर गेला, तो लवकर परत आला नाही. पडल्यापडल्याच त्यानं टोपी काढली.

थोड्या वेळानं दोघी बॅटरी घेऊन आल्या.

"काय, रिकामी ना?" मर्लनं विचारलं.

त्याच्याशिवाय कुणीच काही पाहिलं नव्हतं. क्लॅरीला डॉटची काठी आठवली.

"आहे," तो म्हणाला. "लेकुरवाळी आहे. अगं मर्ल, ती... नुसती सोडूनच देते गं!"

मर्लनं बॅटरी विझवली आणि तीही वर बघू लागली.

"मग वळण राहणार," ब्रॉन्विन हळूच म्हणाली. "कठडा घालू. वेगाला मर्यादा लावू."

"कठडा भक्कम हवा. डॉटला मी सांगतो." क्लॅरी अजून वरच बघत होता. "आणि आता दोघी मिळून मला उठवा. कंबर धरलीये."