चौकातला न हलणारा ठिपका

गावाबाहेर हालाश्कुतच्या चौकात धडक व्हायची म्हणजे माणसाला मेहनतच घ्यावी लागेल. टेकडी नाही, झाड नाही, घर नाही. चारी बाजूंना सूर्यफुलं, तीही जेमतेम गुडघ्याएवढी. पार क्षितिजापर्यंत सगळं उघडं. तिथे 'थांबा'ची पाटी लावायचा विषय ग्रामसभेत निघाला तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. अशा ठिकाणी भर उन्हात वेंडेल मास्तरांनी आपली गाडी डॉक्टर कार्दोशांच्या गाडीवर नेऊन घातली.

माणसं वाचली. त्यामुळे गावाला मोकळेपणानं हसता आलं.

"मास्तर, डॉक्टर एवढेसे बारीक झालेत का हो?" गुत्त्याच्या दारातून कुणीतरी विचारायचं. डॉक्टर चांगले पिंपाएवढे होते.

मास्तरांनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं, पण हे गणित ते रोज मनात पुन्हा मांडून बघायचे. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं हे त्यांना माहीत होतं. त्यांनी उजवीकडे पाहिलंही होतं. तिथे काही नव्हतं, आणि मग एकदम डॉक्टर होते. आपले डोळे गेले असावेत, असं त्यांना हळूहळू पटायला लागलं.

पोलिसांनी सांगितलं, नजर तपासल्याचा दाखला आणा, नाहीतर परवाना जमा करा. आता परवाना गेला तर सगळंच गेलं. लेक गावाबाहेर माळावरच्या वस्तीत राहायची, रविवारी तिकडे बस नव्हती, आणि नातीला पाहायचा दिवस तेवढाच. शिवाय दाखला देणारा डॉक्टर गावात एकच, आणि त्याच्या गाडीचा दरवाजा मास्तरांनीच चेपलेला.

दवाखान्यात मास्तरांनी भिंतीवरची अक्षरं शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचली. खाली छापखान्याचं नाव होतं, तेही वाचलं.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "माशीचे पाय दिसतात, मोटार दिसत नाही. मास्तर, हा डोळ्यांचा नाही, वयाचा दोष आहे. मी सही करणार नाही."

मास्तर टोपी चाचपत उठले. दारापर्यंत गेले आणि भीतभीत वळले. "डॉक्टर, एक विचारू? मी तुम्हाला दिसलो होतो का?"

डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला. "मला दिसण्याची गरज नव्हती. माझा हक्क होता."

त्या दिवसापासून मास्तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन काडेपेट्या सरकवत बसू लागले. बायको रोझी म्हणाली, "म्हातारपणी खेळणी लागतातच, वेंडेल. पण मी काही आता तुझ्या गाडीत बसायची नाही."

"हे बघ तर खरं. रविवारी जो तो नातलगांकडे जेवायला जातो, आणि बाराच्या घंटेला सूप टेबलावर हवं. लवकर गेलं तर बाया स्वयंपाकघरातून हाकलतात, उशीर झाला तर वर्षभर ऐकवतात. म्हणून सगळा गाव एकाच वेळी निघतो, एकाच वेगानं जातो. मी इकडून लेकीकडे, डॉक्टर आडव्या रस्त्यानं सासुरवाडीला. दोघं चौकापासून सारखेच लांब, दोघांचा वेग सारखा. मग मी कितीही पुढे गेलो तरी तो माझ्या काचेत त्याच जागी राहणार! खांब मागे पळतात, सूर्यफुलं मागे पळतात. पळतं ते डोळ्यांत भरतं. तो तेवढा ठिपक्यासारखा काचेच्या कडेला चिकटून. त्याच्याकडे कोण बघतं? आणि मोठा दिसायला लागतो तो अगदी शेवटी, एकदम."

"म्हणजे जो हलत नाही तोच आदळतो?"

"तोच."

"इतकी वर्षं तुझ्याशी संसार केला, मला हे माहीत नसेल का?" रोझी म्हणाली.

पण तिलाही नात बघायची होती. तिनंच डॉक्टरांना निरोप धाडला: येत्या रविवारी पुन्हा तसेच या, आणि मास्तर दिसतात का बघा. पुरुष असाल तर. डॉक्टर काय नाही म्हणणार!

रविवारी रोझी गाडीत बसली, कमरेला पट्टा आणि हातात जपमाळ. डॉक्टर उजवीकडून येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती डोळे फाडून तिकडेच बघत होती. बराच वेळ काही नाही. मग काचेच्या कडेला एक पांढरा ठिपका. ती बघत राहिली. ठिपका तिथेच.

"घाबरला मेला," ती समाधानानं म्हणाली. "रस्त्यात गाडी लावून बसलाय."

"थांबला नाहीये तो, रोझी."

"मला डोळे आहेत! तसूभर हलत नाहीये!"

मास्तरांनी ब्रेकवर पाय दिला. गाडी मंदावली मात्र, तो ठिपका जागचा सुटला, काचेवरून सरसर पुढे सरकला, बघता बघता त्याची मोटार झाली आणि डॉक्टर कार्दोश सूं करत चौकातून निघून गेले. त्यांनी मान वळवलीसुद्धा नाही. रोझीच्या तोंडून एक शब्द निघाला, जो जपमाळ हातात असताना काढत नाहीत.

थोडं पुढे जाऊन डॉक्टर थांबले आणि ऐटीत परत आले. शेजारी त्यांची बायको गिझेला बसली होती, चेहरा चुन्यासारखा पांढरा.

"काय मास्तर, उशिरा निघालात ना घरून? मी शेवटपर्यंत डावीकडे बघत होतो. रस्ता रिकामा!"

मास्तर बिचारे संकोचले. दुसऱ्याची चूक दाखवायची म्हणजे त्यांना स्वतःचीच वाटायची. "आम्ही... इथेच होतो, डॉक्टर. तुमच्या बाजूलाच."

"तेच म्हणत होते मी!" गिझेला किंचाळली. "ओरडत होते, अहो ती बघा गाडी, अगदी शेवटी एकदम एवढी झाली ती! आणि हे म्हणतात, कुठे?"

डॉक्टरांनी पुन्हा चष्मा काढला. पण ह्या वेळी तो पुसायला धीर झाला नाही. रोझीनं पुढे केलेला कागद गाडीच्या टपावर ठेवून त्यांनी दाखल्यावर सही केली आणि गडबडीनं म्हणाले, "वयाच्या मानानं उत्तम नजर."

गिझेलानं सरळ आपली पर्स उचलली आणि मास्तरांच्या गाडीत मागे जाऊन बसली. जरा वेळानं आपली गाडी तिथेच सोडून डॉक्टरही आले. मास्तरांनी आधी सासुरवाडीच्या रस्त्याला गाडी वळवली. पुढचा सगळा रस्ता ते मागून मास्तरांना गाडी कशी चालवावी ते समजावून सांगत होते.