मोजणीबाईंचा कॅल्क्युलेटर

मित्रांनो, माझी कहाणी सांगण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी एक जुना कॅल्क्युलेटर आहे, आणि त्या दोन्ही परीक्षांत मी चुकलो नव्हतो. माझ्यावर आळ आला, मला टेबलावर आपटलं गेलं, भर वर्गात माझी अब्रू गेली. पण मी चुकलो नव्हतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढरी टोपी घातलेल्या एका कामगारणीने माझ्या पोटात दोन सेल बसवले आणि मला पहिली बेरीज घातली. ती बरोबर आल्यावर तिने माझ्या पाठीवर गोल चिठ्ठी चिकटवली. त्याचा अर्थ ‘तपासला, पास’. ती चिठ्ठी झिजून गेली असली तरी तिचा गोंद अजून माझ्या पाठीवर आहे. मी हे मुद्दाम सांगतो आहे.

दुकानातून मला एका जमीन मोजणाऱ्या गृहस्थांनी घेतलं. तिपाईवर दुर्बीण लावायची, लांबचा खांब न्याहाळायचा, कोन वाचायचा आणि माझ्यावर हिशोब करून नकाशा काढायचा, हा त्यांचा व्यवसाय. उन्हात, धुळीत, चिखलात मी त्यांच्या खिशात राहिलो. माणूस कामाला वाघ होता. सवय मात्र एक वाईट होती. मी काचेवर दहा आकडे दाखवायचो आणि ते वहीत दशांशानंतरचे तीनच लिहायचे. कारण काय, तर वहीच्या रकान्यात तीनच घरं छापलेली होती! मी जीव तोडून दहा आकडे काढावेत आणि यांनी उरलेले वाऱ्यावर सोडावेत. पण बोलणार कोणाला? आम्हाला तोंड कुठे असतं?

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांची मुलगी त्यांच्याच मोजणी कार्यालयात लागली होती. मी, दुर्बीण आणि ती तीन घरांची सवय, असं सगळंच त्यांनी तिच्या हवाली केलं.

हीच माझी मालकीण. लोक त्यांना मोजणीबाई म्हणतात. चाळिशी ओलांडलेली, चालणं झपाझप, बोलणं रोखठोक. शेतातून, गल्लीबोळांतून त्या दिवसभर मोजणी करत आणि नकाशा तयार झाला की खाली सही करत कार्यालयातले साहेब. कारण सहीचा अधिकार पदवीधरालाच होता. वीस वर्षं यांचे नकाशे दुसऱ्याच्या सहीने गेले. शेवटी त्यांनी विद्यापीठात नाव घातलं आणि सकाळच्या वर्गांना जाऊन एकेक विषय सोडवला. राहिला फक्त एक विषय, संख्यात्मक विश्लेषण.

नाव ऐकून घाबरू नका. काही गणितांचं उत्तर सूत्रात घालून पटकन निघत नाही. मग एक अंदाज धरायचा, त्यावरून दुसरा चांगला अंदाज काढायचा, त्यावरून तिसरा, आणि असं करत करत उत्तराच्या जवळ जायचं. किती जवळ आलो आणि किती चूक उरली, याचाही हिशोब ठेवायचा. या विषयात माझ्यासारख्याला मान असायला हवा होता. माझ्या वाट्याला काय आलं ते ऐका.

वर्गात सगळी एकोणीस-वीस वर्षांची मुलं. ती मोजणीबाईंना मावशी म्हणत. शिकवणाऱ्या सरांना ती मागून शेपूटसर म्हणत, कारण सर प्रत्येक तासाला एकदा तरी बजावत, “मधेच आकड्याचं शेपूट कापू नका. कापायचं ते अगदी शेवटी.” मोजणीबाई मान डोलावत आणि वहीत तीन आकडे लिहीत. माझा नुसता संताप व्हायचा.

पहिल्या परीक्षेत प्रश्न आला, ज्या संख्येचा कोसाइन ती संख्या स्वतःच आहे, अशी संख्या शोधा. अर्ध्यापासून सुरुवात करून कोसाइनची कळ पुन्हा पुन्हा दाबत जायचं. आता कोन मोजायची मापं दोन आहेत, अंश आणि रेडियन. मोजणीचं काम अंशांत चालतं, म्हणून मी कायम अंशांवर लावलेला. गणिताच्या वर्गात मात्र रेडियन धरतात. माझ्या काचेच्या कोपऱ्यात अंशांची खूण म्हणून बारीक ‘डी’ उमटलेला असतो. मी तो डी दाखवत होतो. डोळे फुटेपर्यंत दाखवत होतो. कुणी बघेल तर शपथ!

बाकीची मुलं कळ दाबून दाबून थकली, वीस-वीस पायऱ्या लिहीत बसली. मोजणीबाईंचं उत्तर दुसऱ्या पायरीलाच थांबलं, शून्य पूर्णांक नऊ नऊ नऊ. खुशीत येऊन त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि सगळ्यांच्या आधी पेपर दिला. खरं उत्तर होतं शून्य पूर्णांक सात तीन नऊ. पुढचे दोन प्रश्नही याच मापात होते. विषय गेला.

“या डबड्याने घात केला,” त्या घरी येऊन म्हणाल्या.

डबडं! अंशांत विचारलं, अंशांत सांगितलं. यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या परीक्षेच्या वेळी त्यांनी मला आठवणीने रेडियनवर लावलं. म्हटलं, चला, सुधारल्या. प्रश्न होता, दहा लाख एक या संख्येच्या वर्गमुळातून हजार वजा करा आणि येईल त्याने पुढच्या संख्येला भागा. मी दाखवलं, एक हजार पूर्णांक शून्य शून्य शून्य पाच. वहीची सवय हातात भिनलेली. त्यांनी तीन शून्यं लिहिली आणि पाच सोडून दिले. सगळा जीव त्या पाचात होता हो! मग हजारातून हजार गेले, उरलं शून्य, आणि त्या शून्याने त्यांनी मला भागायला लावलं. शून्याने भागता येत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे. मी काचेवर चूक असल्याची खूण दाखवली.

“बिघडला मेला!” मोजणीबाई भर परीक्षेत ओरडल्या. सगळा वर्ग वळून बघायला लागला.

विषय दुसऱ्यांदा गेला. नियमाप्रमाणे आता एकच संधी उरली होती. तीही हुकली तर विषय कायमचा सुटला नाही असं धरणार आणि पदवी नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तडक सरांच्या खोलीत गेल्या आणि मला टेबलावर आपटलं. माझं सरकतं झाकण तेव्हाच चिरलं.

“सर, हा खराब आहे. परीक्षा पुन्हा घ्या.”

सरांनी मला हातात घेतलं, चार-पाच हिशोब घातले आणि खाली ठेवलं. “हा अगदी ठणठणीत आहे. तुमची वही बघू.”

वही उघडताच त्यांनी कपाळाला हात लावला. “तीन आकडे! प्रत्येक पायरीला तीन! हे कुणी शिकवलं?”

“माझ्या बाबांनी. तीस वर्षं त्यांनी याच पद्धतीने जमिनी मोजल्या. जमिनीला इतकं बारीक काय कळतंय, सर? दोन-तीन सेंटिमीटरचा फरक. एकदा इकडे, एकदा तिकडे. मिटून जातो.”

“आणि सगळे फरक एकाच बाजूला पडले तर?”

“असं कसं पडतील?”

“समजा सरळ रस्ता आहे. प्रत्येक टप्प्याला कोन जवळपास तोच. म्हणजे शेपूटही दर वेळी तेवढंच आणि त्याच बाजूला कापलं जाणार. असे अकरा टप्पे घ्या. किती झालं?”

मोजणीबाई बोटांवर टप्पे मोजू लागल्या. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मला उचललं आणि निरोपही न घेता त्या बाहेर पडल्या. त्या कशाने हादरल्या, ते मला ठाऊक होतं. अकरा टप्प्यांचा सरळ रस्ता आम्ही दोन महिन्यांपूर्वीच मोजला होता.

तो रस्ता रुंद होणार होता. आमच्या नकाशाप्रमाणे एका म्हाताऱ्या सुताराच्या कारखान्याची भिंत वीस सेंटिमीटर रस्त्यात येत होती. त्या भिंतीवर तांबड्या रंगाची फुली पडली होती आणि आठवड्याने ती पाडायची होती. तिलाच टेकून त्याचं करवतीचं यंत्र बसवलेलं. तेव्हा तो काकुळतीला येऊन म्हणाला होता, “बाई, माझ्या आज्याने हद्दीचा दगड बघून बांधलीय ही. पुन्हा एकदा मोजा ना.” आणि मोजणीबाई म्हणाल्या होत्या, “मी नाही ठरवलं, दादा. मशीनने काढलंय.”

मशीनने! बघा म्हणजे!

त्या दिवशी दुपारी कार्यालयात त्यांनी तोच हिशोब पुन्हा मांडला. या वेळी एकही आकडा कापला नाही. प्रत्येक उत्तर माझ्या स्मरणात साठवत, एकेक टप्पा करत त्या पुढे गेल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच पुरतं वापरलं गेलं. शेवटचा आकडा त्यांनी दोनदा ताडून पाहिला. अकरा टप्प्यांत मिळून जवळजवळ तीस सेंटिमीटर वाहून गेले होते. भिंत रस्त्यात नव्हती. हद्दीच्या चांगली दहा सेंटिमीटर आत होती.

त्या साहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. “आता? नकाशावर सही माझी आहे.”

“मोजणी माझी आहे, साहेब. चूक माझी म्हणून लिहून देते.”

“तुमच्या नोकरीच्या नोंदवहीत जाईल ते. उद्या तुम्हाला सहीचा अधिकार द्यायची वेळ आली की पहिलं हेच पान उघडतील. जरा विचार करा. भिंत काय, नवी बांधतील.”

मोजणीबाईंनी कागद पुन्हा साहेबांपुढे सरकवला. मग म्हणाल्या, “फेरमोजणीला कधी जायचं ते सांगा. फुली पडलीय.”

पण मित्रांनो, त्याहून अवघड काम घरी होतं. वडील आरामखुर्चीत बसले होते. मुलीने सगळं सांगितलं तेव्हा ते भडकले.

“म्हणजे मी तीस वर्षं चुकीचं मोजलं? कालचा तो मास्तर मला शिकवणार?”

“तुम्ही नाही हो, बाबा. बहुतेक वेळा फरक पडतच नाही. पण त्या रस्त्याला पडला.”

“माझ्या नकाशांवर एक तक्रार आली नाही आजवर!”

“ठाऊक आहे मला.”

ते तोंड फिरवून बसले. रात्री जेवलेही नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी हाक मारली. “माळ्यावरच्या माझ्या वह्या खाली काढ. सरळ रस्ते तेवढे बघू. अन् याला इकडे दे.” ‘याला’ म्हणजे मला. पाच दिवस बाप-लेक वह्या पसरून बसले होते. एकोणीस रस्त्यांपैकी एका रस्त्यावर फरक निघाला, आणि तिथे आजूबाजूला नुसतं माळरान होतं. वडिलांनी सुस्कारा सोडला आणि चहा मागितला.

फेरमोजणी झाली. साहेब स्वतः आले, दुर्बिणीतून पाहिलं, हिशोब तपासला आणि नव्या नकाशावर सही केली. सुताराने त्या तांबड्या फुलीवर लगेच चुना फासला. मोजणीबाईंना तो म्हणाला, “आधीच ऐकलं असतं तर दोन महिने झोप लागली असती मला.” त्यांनी मान खाली घातली. या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं नाही, हे मी मोठ्या मनाने नमूद करतो.

तिसऱ्या परीक्षेत त्यांना शंभरात चौपन्न गुण मिळाले. दोन प्रश्न वेळेअभावी राहिले, कारण प्रत्येक पायरीला त्या सगळे आकडे उतरून घेत होत्या. पदवी मिळाली. सहीचा अधिकार मात्र साहेब म्हणाले होते तसा अडला. नोंदवहीतलं ते पान उघडलं गेलं, चौकशी झाली, आणि सही वर्षभर लांबली. वर्षाने मिळाली. पहिल्या नकाशाखाली सही करताना त्यांनी पेन तीनदा झटकलं.

आता कार्यालयात नवी यंत्रं आली आहेत. मी निवृत्त झालोय, पण सुटका झालेली नाही. शेपूटसर दर वर्षी मोजणीबाईंना नव्या मुलांपुढे बोलायला बोलावतात आणि त्या मला सोबत नेतात. सुताराच्या भिंतीची हकिकत सांगून झाली की मी बाकांवरून हातोहात फिरतो. चाळीस मुलं, ऐंशी हात, आणि त्यांतले निम्मे चिकट!

या वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “मावशी, चूक लिहून देताना भीती नाही वाटली?”

“वाटली ना. पत्र तीन वेळा फाडलं,” त्या म्हणाल्या. “चौथ्यांदा लिहिलं आणि पळत जाऊन देऊन आले. चालत गेले असते तर तेही फाडलं असतं.”

वर्ग हसला. ती मुलगी मात्र हसली नाही. तिने मला दोन्ही हातांत नीट धरलं आणि हळूच शेजाऱ्याकडे दिलं.

तिच्यासारखं वागा, एवढंच माझं मागणं आहे. वापरायचं नसेल तेव्हा आमचे सेल काढून ठेवा, ते आत फुटले की आमची आतडी कुजतात. कळा हळू दाबा, जोर लावल्याने उत्तर लवकर येत नाही. आणि उत्तर आलं की क्षणभर थांबून स्वतःला विचारा, हे शक्य तरी आहे का? विचारूनही पटलं नाही, तर आधी वही तपासा आणि मग खुशाल माझ्यावर ओरडा. ओरडून झालं की झाकण मात्र लावा.