खाऱ्या पाण्याचे डाग

गाडीची काच ओली होती तोवर स्वच्छ दिसली. उन्हात वाळली आणि पांढरे ठिपके जसेच्या तसे वर आले.

"मेले जातच नाय," चंदा पुटपुटली आणि बादलीत हात घातला.

मागे ओट्यावर खुर्चीत बसलेल्या रोहिदासने डावा हात उचलला. "चल," तो म्हणाला.

"दम धरा. करते ना."

रोहिदासची उजवी बाजू वैशाखात गेली. पनवेलचं लग्नाचं भाडं सोडून तो घरी आला, फियाट बोअरिंगशेजारी लावली, आणि उतरायला पाय टाकला तो जमिनीवर ठरलाच नाही. त्या दिवसापासून वाचाही गेली. एवढा एकच शब्द उरला. पाणी हवं असलं तरी 'चल', जेवण नको असलं तरी 'चल'. कुठला 'चल' कशाचा, हे चंदा आवाजावरून ओळखायला शिकली होती.

गाडी तेव्हापासून तिथेच उभी होती. करावे हे खाडीकाठचं गाव, बोअरिंगचं पाणी खारट. बाया तिथे कपडे आपटायच्या, पुरुष जाळी धुवायचे. शिंतोडे काचांवर उडायचे आणि वाळून बसायचे. पाऊस होता तोवर काही कळलं नाही. दिवाळी झाली तेव्हा बोअरिंगकडच्या काचा चुना उडाल्यासारख्या दिसायला लागल्या होत्या.

रविवारी सानपाड्याचे रावसाहेब गाडी बघायला आले. मार्केटात त्यांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. गावाकडे, कोरेगावला जायला-यायला त्यांना गाडी हवी होती. इंजिन चालू करून त्यांनी बराच वेळ कान दिला. पसंत पडलं. मग काच नखाने खरवडून बघितली आणि तोंड वाकडं केलं.

"वैनी, गाडी चांगली ठेवलीया. पन ह्या काचा गेल्यात. ऊन आडवं आलं की बाजूचं काय दिसायचं न्हाय. तेवढ्या साफ झाल्या तर शुक्रवारी येऊन घिऊन जातो. न्हायतर तुर्भ्याला दुसरी एक बघून ठिवलीया."

त्या वेळी रोहिदास घरात नव्हता. कल्पेश, त्यांचा मुलगा, त्याला मुद्दाम मालिशवाल्याकडे घेऊन गेला होता. रात्रपाळीला निघताना तो आईला म्हणाला होता, "बाबांना बोलू नको काय. गाडी गेली की बघू. टेन्शन द्यायचं नाय बोललाय डॉक्टर." डॉक्टर आणखीही एक बोलला होता. हा माणूस परत गाडी चालवणार नाही. तेही कोणी रोहिदासच्या कानावर घातलं नव्हतं.

आणि आज शुक्रवार होता.

चंदाला बादली घेऊन गाडीकडे जाताना बघितल्यापासून रोहिदासला सकाळीच तरतरी आली होती. चहा त्याने न सांडता संपवला होता. आता तो ओठांकडे बोट नेत होता आणि चेहरा आक्रसून दाखवत होता.

"काय? दात दुखतो?"

"चल!" त्याने पुन्हा तोंड वेडंवाकडं केलं.

"आंबट? लिंबू आनू?"

त्याने नकारार्थी मान हलवली. डाव्या हाताने हवेत बाटली धरली, ती उपडी करून शिंपडल्यासारखं केलं, मग नाक्याकडे बोट दाखवलं. नाक्यावर चायनीजची हातगाडी लागायची. चंदाला एकदम उमगलं. "सिरका!"

ती वाण्याकडून व्हिनेगरची बाटली घेऊन आली. काचेवर ओतायला गेली तर तो ओरडला. त्याने हाताच्या खुणेने सांगितलं: फडका भिजव, काचेवर चिकटव, थांब. चंदा थांबली. आंबट वास नाकात चढला. थोड्या वेळाने तिने तोच फडका जोर देऊन फिरवला, साध्या पाण्याचा हात मारला, वर्तमानपत्राच्या बोळ्याने पुसलं. मागच्या काचेतून पलीकडची भिंत दिसली, भिंतीवरची शेवाळाची रेघसुद्धा.

"अगो बाय!" ती हसली.

रोहिदासही हसला, अर्ध्या चेहऱ्याने. मग त्याने डावा हात पुढे केला, हवेतलं स्टीअरिंग धरलं आणि हळूच वळवलं. "चल," तो म्हणाला.

या वेळी आवाज ओळखायची गरज नव्हती.

चंदाच्या हातातला फडका तसाच राहिला. पुढच्या काचेकडे जायला तिने पाऊल उचललं, पण तिला जमेना. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"अवो, ही तुमच्यासाठी नाय धुवत मी."

त्याने स्टीअरिंगचा हात खाली घेतला.

"गाडी इकली. दुपारी येनार हाय तो मानूस न्यायला. तुमाला आता चालवता येनार नाय. डॉक्टर बोललाय. मना नि कल्पेशला बोललाय."

"चल?"

"नाय. कवाच नाय."

रोहिदासचा हात असा फिरला की ओट्यावरची सिरक्याची बाटली खाली आडवी झाली. "चल! चल! चल!" शिरा ताणून तो ओरडला, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायला लागली. बोअरिंगवरच्या बाया हात थांबवून बघायला लागल्या.

चंदाने आधी बाटली उचलली, मग त्याचं तोंड पदराने पुसलं. त्याने मान झटकली तेव्हा मात्र तिचाही तोल गेला.

"मना काय हौस हाय? सकाळी खुर्चीत बसता ते दिवे लागंस्तवर तिच्याकडं बघत बसता. मालिशवाला हात उचला बोलतो, उचलत नाय. पोरगा समोर येऊन बसतो, त्याच्याकडं बघत नाय. मी मासळीची पाटी घेऊन बाजारात जाते नि तुमी हितं बसून तिच्यातनं कुठं कुठं फिरून येता, मना कळत नाय? ती दारात हाय तवर तुमी घरात येनारच नाय!"

बोलली आणि तिलाच ते ऐकवेना. रोहिदासने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती नाक पुसून परत गाडीकडे गेली. बाटलीत उरलेला सिरका तिने पुरवून पुरवून वापरला.

रावसाहेब आले तेव्हा ड्रायव्हरच्या बाजूची काच तेवढी बाकी होती. आज रोहिदासला समोर बघून ते चपापले, नमस्कार करून बाजूला उभे राहिले. "ऱ्हाऊ द्या वैनी," ते हळू म्हणाले. "एकच तर हाय. मी करून घीन."

"चल."

दोघांनी वळून बघितलं. रोहिदास गाडीकडे बोट दाखवत होता.

हा आत बसला तर बाहेर निघायचा नाही, असं चंदाला वाटलं. पण तो पायाखालच्या स्टुलाकडे खुणावत होता. रावसाहेबांनी एका बगलेत हात घातला, दुसरीकडून तिने धरलं आणि दोघांनी त्याला काचेसमोर स्टुलावर बसवलं. चंदाने भिजवलेला फडका त्याच्या डाव्या हातात दिला.

त्याने तो काचेवर दाबून धरला. दंडाला रग लागली तरी काढला नाही.

"घाई न्हाय भाऊ," रावसाहेब म्हणाले आणि ओट्यावर टेकले.

मग त्याने पुसायला सुरुवात केली, वरून खाली, छोट्या छोट्या पट्ट्यांत. मध्येच हात घसरायचा, तो पुन्हा वर न्यायचा. काच स्वच्छ झाली तेव्हा चंदा पुढे झाली, पण त्याने तिला अडवलं आणि काच खाली करायची खूण केली. तिने आतून हँडल फिरवलं. काच अर्धी उतरली तशी रबराच्या पट्टीखाली दडलेली वरची कड उघडी पडली. तिथे पांढरी रेघ होती. तीही त्याने पुसली.

त्या काचेतून आत मात्र त्याने बघितलं नाही. फडका रावसाहेबांच्या हातात दिला आणि उठवा म्हणून हात वर केला.

गाडी गल्लीतून वळून दिसेनाशी झाली. बोअरिंगवर बाया पुन्हा कपडे आपटायला लागल्या.

संध्याकाळी कल्पेश झोपेतून उठून बाहेर आला, मोकळ्या जागेकडे बघितलं आणि तोंड धुवायला गेला. चंदा खुर्ची नेहमीसारखी ओट्याच्या कडेला ओढायला लागली तर तीत बसलेल्या रोहिदासने दाराची चौकट धरून ठेवली. मग उंबऱ्याकडे बोट केलं.

तिने खुर्ची आत घेतली.

वाळलेला जवळा, बारीक कोलंबी, सुपात घेऊन ती निवडायला बसली. मग रोहिदासचा डावा हात वाकून सुपाशी आला. चाचपडत त्याने गवताची एक काडी बाहेर काढली, बाजूला टाकली. दुसरी सापडायला वेळ लागला.

चंदाने मान वर केली नाही. सूप फक्त त्याच्या हाताकडे थोडं सरकवलं.