केशरी बगळ्याची परीक्षा

सरलाबाईंना फोटोचं वेड लागलं तेव्हा सगळी गल्ली हसली होती. पर्वत पाटिया वस्तीतल्या खोलीत दिवसभर साड्यांवर खडे चिकटवायचे आणि संध्याकाळी मोबाईल घेऊन खाडीकाठी पक्ष्यांमागे धावायचं, हे पन्नाशीच्या बाईला शोभतं का? सरलाबाईंना छान शोभत होतं. दोन वर्षांत चारशे फोटो जमले. त्यातल्या साडेतीनशे फोटोंत नुसती शेपटीच आली होती, पण शेपटीवरूनही त्या पक्षी ओळखून दाखवत.

आता शहरातल्या पक्षीमित्रांनी प्रदर्शन ठरवलं होतं. बारा फोटो निवडणार होते आणि पाठवायची मुदत रविवारी दुपारी बारापर्यंत. आपलाही एक फोटो भिंतीवर लागावा, खाली 'सरलाबाई उखा महाजन' असं नाव यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि शनिवारी देवच पावला! म्हशीच्या पाठीवर पांढराशुभ्र बगळा, डोकं आणि मान मात्र केशरी, आणि फोटो चक्क हललाच नव्हता. सरलाबाई घरापर्यंत जवळजवळ नाचतच आल्या.

त्यांचे यजमान उखाभाऊ कडोदऱ्याच्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं रंग कालवत होते. लोक चेहरे ओळखतात तसे ते रंग ओळखत. त्यांनी फोटोवर एक नजर टाकली.

"हाऊ रंग आमना शे," ते म्हणाले. "केशरी, नंबर एकशे सात. बगळा मिलना नालामा पडना व्हई."

सरलाबाईंचं तोंड एवढंसं झालं. गावाकडे असे बगळे पाहिल्यासारखं अंधुक आठवत होतं खरं, पण रंगाच्या बाबतीत उखाभाऊंचा शब्द म्हणजे शब्द. नाल्यात बुडालेला बगळा प्रदर्शनाला पाठवला तर लोक फिदीफिदी हसतील. त्यांनी फोटो पाठवला नाही.

रविवारी सकाळी मात्र त्या चिडूनच उठल्या. "चला मनासंगे. तो रंग धुईसन दखाडा!"

उखाभाऊही इरेला पेटले. रंग कच्चा की पक्का हे बघायचं तर मिलमध्ये ओलं पांढरं फडकं कापडावर घासतात. फडक्याला रंग लागला की समजायचं, कच्चा. तसंच एक फडकं भिजवून उखाभाऊ खाडीकाठच्या म्हशींमध्ये शिरले. तो बगळा तिथंच होता. हे दोन पावलं पुढे गेले की तो तीन पावलं पुढे. फडकं काही त्याला लागेना, म्हशीच्या शेपटीचा फटका मात्र उखाभाऊंना दोनदा बसला. सोबत आलेली त्यांची कॉलेजातली मुलगी सोनाली हसून हसून खालीच बसली.

"पप्पा, रहेवा दो ने, उडी जशे!" ती ओरडली, आणि बगळा उडालाच.

मागे एक पीस राहिलं. केशरी.

सरलाबाईंनी ते पदरात घेतलं तेव्हा साडेदहा वाजले होते. घरी येऊन उखाभाऊंनी त्यावर फडकं घासलं. फडकं पांढरंच. मग साबण लावला. मग वाटीत कढत पाणी घेऊन सोडा टाकला. पीस पार मलूल झालं, पण पाण्यात रंगाचा थेंबही उतरला नाही. उखाभाऊ वाटीकडे बघतच राहिले. त्यांच्या एकशे सातनं पहिल्या धुण्यात पाणी रंगवलं नाही, असं तीस वर्षांत झालं नव्हतं.

"हाऊ आमना नही," ते हळूच म्हणाले. "आमना रंग इतका पक्का नही रहास."

नवऱ्यानं रंगाच्या बाबतीत हार मानलेली सरलाबाईंनी पहिल्यांदाच पाहिली. त्यांना इतका आनंद झाला की मोबाईल हातातून दोनदा निसटला. शेवटी बाराला पाच मिनिटं असताना सोनालीनं फोटो पाठवला.

प्रदर्शनात तो डावीकडून चौथा लागला. खाली लिहिलं होतं: 'गायबगळा. विणीच्या दिवसांत याचं डोकं आणि मान अशी केशरी होतात. छायाचित्र: सरलाबाई उखा महाजन.' सरलाबाईंनी नाव तीनदा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

उखाभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून फोटोशेजारी उभे होते. येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून, न विचारता, ते छाती फुगवून सांगत होते, "धो के देखा है, साहब. एकदम पक्का है!"

सरलाबाईंनी त्यांचाही एक फोटो काढला. पण हसू आवरेना, त्यामुळे तो हलला.