धबधबा न पाहिलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर आता पुरता दोरही नाही, दोराचे शेपूट आहे. लांबी जेमतेम पुरुषभर आणि गाठी तीन. ओढ्याकाठच्या एका वाकड्या झाडाला मी लटकत असतो. माझे उरलेले अंग कुठे गेले आणि मी एका देखण्या दोराचा किती हेवा केला, ते आज तुम्हाला सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगतो.

दोर वळणाऱ्या एका बाईच्या अंगणात माझा जन्म झाला. तिने वाखाच्या धाग्यांचे तीन पेड केले, तिन्हींना मिळून पीळ दिला आणि मला खसकन ओढून पाहिले. "हा माणसं पेलेल," ती म्हणाली. त्या शब्दांवर मी पुढे कितीतरी वर्षे फुगून राहिलो.

मला नेले एका वाटाड्याने. डोंगरातल्या दाट जंगलात, शेवटच्या घरापासून तीन तासांच्या चालीवर, एक धबधबा आहे. पाहुण्यांना तिथे नेणे हे त्याचे काम. धबधब्याच्या अलीकडे एक ओढा आडवा येतो. दिसायला अगदी गरीब, पण वर कुठे पाऊस पडला की बघता बघता फुगणारा. वाटाड्या मला दोन्ही काठांवरच्या झाडांना ताणून बांधी आणि माणसे मला धरून पलीकडे जात.

अलीकडच्या झाडाला तुटक्या फांदीचा एक खुंट आहे. त्याला वेढा देऊन माझे टोक पाण्यावर लोंबत सोडलेले असे. त्यात या तीन गाठी. खालची भिजली तर जपून जायचे. मधली भिजली तर परत फिरायचे, मग पाहुणा कितीही बडा असो. वाटाड्या आधी पलीकडे जाऊन ओरडे, "गाठ काय म्हणते?" सर्वांत मागे त्याचा मेहुणा उभा असे. तो मधली गाठ पाहून उत्तर देई, "कोरडी!" त्यानंतरच पहिला पाहुणा पाण्यात पाय घाली. सतरा वर्षांत एक चप्पल वाहून गेली, माणूस एकही नाही.

दुःख एकच होते. धबधबा पुढच्या वळणाआड होता. मला त्याचा आवाज तेवढा ऐकू येई. माणसे मला सोडून पुढे जात आणि चमकत्या डोळ्यांनी, ओल्या केसांनी परत येत.

पुढे वाटाड्याचा गुडघा दुखू लागला आणि माझेही मधले धागे झिजले. त्याची मुलगी आता पाहुण्यांना नेऊ लागली. तिला सगळे ताई म्हणत. तिने नवा दोर आणला. नारिंगी, गुळगुळीत, वजनाला कापसासारखा. किती भार पेलतो ते पाहायला ती पहिल्याच आठवड्यात त्याला थेट धबधब्यापर्यंत घेऊन गेली! संध्याकाळी तो माझ्या शेजारच्या खुंटीवर निथळत होता. मी सतरा वर्षे ज्याच्यासाठी झुरलो, ते हा चार दिवसांचा पोर पाहून आला होता. माझा तिळपापड झाला.

"याला गाठी मारायच्या नाहीत हं बाबा," ताई म्हणाली. "गाठीने दोर कमजोर होतो."

"मग पाणी कशाने मोजशील?"

"डोळे आहेत ना!"

माझ्या नशिबी जेवणाच्या डब्यांचे गाठोडे बांधणे आले.

एके दिवशी एक आजी आणि तिची आठ वर्षांची नात आल्या. वाटाड्याही हौसेने ओढ्यापर्यंत आला. मुंग्या लागू नयेत म्हणून त्याने गाठोडे त्या जुन्या खुंटाला अडकवले आणि माझे टोक सरळ आपल्या जुन्या जागी जाऊन लोंबले. खालची गाठ भिजली. थोड्या वेळाने मधलीही.

ताई तोवर पलीकडे पोचली होती. "गाठ काय म्हणते?" ती सवयीने ओरडली.

"कोरडी!" सर्वांत मागे बुटाची नाडी बांधता बांधता तिचा मामा, म्हणजे वाटाड्याचा तो मेहुणा, हाही सवयीनेच ओरडला. नव्या दोराला गाठ नव्हतीच.

मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात काय आले सांगू? बरे झाले. येऊ दे पाणी. कापले जाऊ दे त्या नारिंग्याचे नाक!

आणि त्या मुलीने पाण्यात पाय घातला.

"आजी, बघ, मी एकटी!" दोन्ही हातांनी तिने नव्या दोराला धरले होते. माझा सगळा पीळ गळाला. मला आवाज नाही. मी मनातल्या मनात त्या दोरालाच म्हणालो, "बाबा रे, घट्ट राहा."

तेवढ्यात वाटाड्याला भूक लागली. त्याने गाठोडे खुंटावरून ओढून घेतले, तसे माझे टोक पाण्यातून उसळून त्याच्या मनगटावर आपटले. मधल्या गाठीतून पाणी ठिबकत होते.

"गाठ ओली! मागे फिरा!"

ताईने दोराला धरून धाव घेतली, मुलीला कमरेशी कवटाळले आणि अलीकडच्या काठावर आणले. पाठोपाठ फांद्या, पाचोळा घेऊन गढूळ लोंढा आला. नवा दोर थरथरला, पण बोटभरही सैल झाला नाही.

"मी आपलं रोजच्यासारखं म्हणालो," मामा पुटपुटला.

"अहो, पण गाठ होती कुठे?" आजी कडाडली.

"त्यांना नका बोलू," ताई म्हणाली. "नसलेल्या गाठीला विचारलं मीच."

मुलगी मुसमुसत म्हणाली, "आणि धबधबा?"

"तो काय सामान बांधून निघालाय?" वाटाड्या म्हणाला. "पुढच्या आठवड्यात ये."

दुसऱ्या दिवशी ताईने सुरी घेतली आणि माझे गाठींचे टोक कापले. मला वाटले, संपलो. पण तिने मला या खुंटाला कायमचे बांधले. उरलेल्या अंगाचे पायपुसणे झाले. मऊ आहे म्हणतात. नियमही बदलला. आता गाठ मुठीत धरल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही.

ती मुलगी पुन्हा आली. मला मुठीत धरून तिने "कोरडी!" म्हटले आणि पलीकडे गेली. परतली तेव्हा तिच्या केसांतून पाणी टपकत होते.

"आजी, ओढ्याचं पाणी धबधब्यातूनच येतं ना? मग या गाठीला तो रोज भेटतो की!"

सतरा वर्षांत हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

मित्रांनो, दोर ओला गुंडाळून ठेवू नका, वाळवा. त्याच्यावर पाय देऊ नका. आणि कुणी "गाठ काय म्हणते?" असे विचारले, तर आधी हात लावा, मग तोंड उघडा. बोलायची सवय तोंडाला फार लवकर लागते.

नव्या दोराचा हेवा मला अजून वाटतो. मुले त्याला दोन्ही हातांनी धरतात, मला एकाच हाताने. पण खालची गाठ भिजली की मी आजही मनातल्या मनात त्याला सांगतो, "घट्ट राहा."